म्हशीला जे कळत होतं

म्हैस एकदाही खोटं वागली नाही. खोटं वागलो मी. आधी नकळत, आणि नंतर चांगलं कळत असताना, जवळजवळ चार महिने. नकळत झालं त्याची मला फारशी लाज वाटत नाही. माझ्या जागी आमच्या भागातला कुणीही असता तरी त्याच्या हातून तेच झालं असतं. पण कळल्यावर गप्प बसलो, ते माझं एकट्याचं आहे. त्यामुळे एका मुलीच्या चार वर्षांच्या कामात खोट शिरली आणि जिची काही चूक नव्हती अशा एका बाईला चारचौघांत नापास व्हावं लागलं. हे आधीच सांगून टाकतो. पुढे कुठे मी माझीच बाजू घेताना दिसलो, तर वाचणाऱ्याने सावध राहावं.

मी एक्कावन्न वर्षांचा आहे. घर अमरावतीला, नोकरी अकोल्याजवळच्या एका संस्थेच्या गोठ्यावर. सोमवारी सकाळच्या एसटीने जातो, शनिवारी संध्याकाळी परत येतो. कागदावर हुद्दा काहीही असला तरी काम म्हणजे चारा-पाणी, दूध, इंजेक्शनच्या वेळी जनावर धरून ठेवणं, आणि कुणाचं संशोधन चालू असेल तर त्यांच्या हाताखाली राबणं. लहानपण नांदगाव खंडेश्वरच्या बाजूला वडिलांच्या शेतात गेलं. नऊ-दहा वर्षांचा असताना माझ्या हातात बैलांचा कासरा आला आणि कॉलेजात जाईपर्यंत तो सुटला नाही. उभ्या पिकात डवरणी करताना मी दोर नुसता धरून चालायचो, तेव्हा वडील धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, ओरडायचे, "दोर मुका नोको धरू रे! बैलाले समजलं पाह्यजे का मांगं माणूस हाय." मग मी शिकलो. पिकाची ओळ संपायच्या आधी करंगळीएवढा ताण द्यायचा, बैल वळायचा. काही वर्षांनी तर ताण दिल्याचं मलाही कळेनासं झालं. वळायचं मनात यायचं आणि बैल वळायचे. आमच्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, तो हेच सांगेल आणि यात सांगण्यासारखं काय आहे असंही म्हणेल.

ती मुलगी म्हणजे आमच्या मॅडम. संशोधनासाठी आमच्याकडे आल्या तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या असतील. मूळच्या वलगावच्या, घरी भाजीपाल्याचा मळा. वडील मेथी, पालक, वांगी अमरावतीच्या बाजारात नेतात. त्या घरात पीएचडीपर्यंत पोचलेल्या त्या पहिल्याच. संस्थेत शुद्ध बोलायच्या, पण एखादी गोष्ट मनाला लागली की सरळ घरच्या भाषेवर यायच्या. मला पहिल्या दिवसापासून काका म्हणाल्या.

त्यांचा प्रश्न साधा होता. माणसाने बोट दाखवलं तर म्हशीला कळतं का? कुत्र्याला कळतं, घोड्याला आणि शेळीलाही बऱ्यापैकी कळतं, हे जगात लोकांनी तपासून पाहिलंय, असं त्या म्हणाल्या. म्हशीच्या वाट्याला मात्र कुणी फारसं गेलेलं नव्हतं. तिच्याकडे दूध मागतात, विचार करतेस का म्हणून कुणी विचारत नाही. गोठ्याचे प्रमुख असलेल्या आमच्या साहेबांना हे ऐकून हसू आवरेना. "म्हशीची अक्कल मोजता? आधी आमच्या स्टाफची मोजा, लवकर होईल." मॅडमही हसल्या, पण परवानगीच्या कागदावर सही घेतल्याशिवाय खुर्चीवरून हलल्या नाहीत.

गोठ्यातल्या ज्या म्हशी त्यांनी निवडल्या त्यांत एक एलिचपुरी जातीची होती. काळीभोर, कपाळावर पांढरा डाग, शिंगं तलवारीसारखी लांब आणि मागे खांद्यापर्यंत गेलेली. तिला नाव नव्हतं, कानात पिवळा बिल्ला होता. स्वभावाने शांत, पण तिला ओलांडून काही करता येत नसे. पाण्याच्या हौदावर तिच्या आधी दुसरी म्हैस गेली की ती नुसती मान उंचावायची, दुसरी मागे सरायची. तिला मी सहा वर्षं सांभाळत होतो. मी गोठ्यात शिरण्याआधीच, फाटकाचा आवाज आला की ती कान वळवायची. दुसऱ्या कुणी फाटक उघडलं तर वळवायची नाही. आम्हा दोघांचं जमायचं एवढंच मी त्यावर म्हणू शकत होतो. त्याला मन म्हणायचं का, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

प्रयोग गोठ्यामागच्या सिमेंटच्या अंगणात व्हायचा. दोन घमेली, दोन्हींवर गोणपाट. एकात सरकीची ढेप, दुसरं रिकामं. वासावरून ओळखता येऊ नये म्हणून दोन्ही घमेल्यांना आतून ढेप चोळलेली. मॅडम मधोमध उभ्या राहून ढेपेच्या घमेल्याकडे बोट दाखवायच्या. मी दहा पावलांवर म्हशीचा लांब दोर धरून उभा. त्या "हं" म्हणाल्या की मी दोर सैल सोडायचा आणि म्हैस जिकडे जाईल तिकडे जाऊ द्यायची. ढेप कुठल्या घमेल्यात घालायची याचा तक्ता त्या आदल्या दिवशी देत. घालायचो मीच. दुसरं माणूस नव्हतं.

"हेच मले खटकून राहिलं काका," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "ढेप कुठी हाय हे तुमाले माहीत राहते."

मग त्यांनी मला एका घोड्याची गोष्ट सांगितली. शंभरएक वर्षांपूर्वी जर्मनीत एक घोडा होता. त्याला बेरीज-वजाबाकी येते असं लोक मानायचे. उत्तर पाच असेल तर पाच वेळा खूर आपटायचा. मोठमोठे लोक बघायला यायचे. शेवटी एकाने नीट तपासलं तेव्हा कळलं की घोड्याला गणित येत नव्हतं. खूर आपटण्याची संख्या बरोबर उत्तरापाशी पोचली की प्रश्न विचारणारा माणूस नकळत जरासा सावरायचा, आणि घोडा तेवढंच पाहून थांबायचा. मालक लबाड नव्हता. त्याला स्वतःलाच हे ठाऊक नव्हतं.

"म्हणून तुमी तिच्याकडे पाहायचं नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांनी मला काळा चष्मा आणला, टोपी आणली. मान खाली घालून स्वतःच्या चपलांकडे बघत उभं राहायचं. मी चष्मा घालून अंगणात आलो तेव्हा शेण उचलणाऱ्या मावशी टोपलं घेऊन चालल्या होत्या. त्या जागीच थांबल्या.

"बाप्पा बाप्पा! भाऊ, हिरो दिसून राहिले. म्हशीचं तं सोडा, मलेच चक्कर आली."

मावशी गोठ्यावर रोजंदारीने होत्या. वयाने माझ्याएवढ्याच, पण सगळे मावशी म्हणत, मीही म्हणे. बोलायला तिखट, पण जनावर त्यांच्या आवाजाने शांत व्हायचं.

पहिल्या आठवड्यात माझी एलिचपुरी चाचपडली. मग सुधारली, आणि इतकी सुधारली की मॅडम तक्त्यावर खूण करताना स्वतःशीच हसायच्या. बाकीच्या म्हशी कधी बरोबर, कधी चूक. तिचं मात्र बोट उजवीकडे की ती उजवीकडे, डावीकडे की डावीकडे. नवव्या-दहाव्या दिवशी मॅडम तिच्या कपाळावरच्या पांढऱ्या डागावर हात ठेवून म्हणाल्या, "तुले समजते गं. तुले सारं समजते." मला त्या क्षणी इतकं बरं वाटलं, जसं काही माझ्याच मुलीचा निकाल लागलाय.

मग कडबा कुट्टीच्या मशीनमध्ये माझा उजवा अंगठा कापला. टाके पडले, जाड पट्टी बांधली. मी दोर डाव्या हातात घेतला. त्या दिवशी म्हैस अंगणाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. मॅडमचं बोट एकीकडे, ती दुसरीकडे. पुन्हा केलं, पुन्हा चूक. तिसऱ्यांदा ती हललीच नाही.

"काय झालं हिले? आजारी हाय का?"

"माजावर आली असंल," मी म्हणालो.

मॅडमनी ते दिवस वहीत वेगळे काढले आणि पुढे लिहिलं, तब्येत बरी नव्हती. टाके निघाले, दोर उजव्या हातात आला आणि म्हैस पुन्हा हुशार झाली. मॅडमना हायसं वाटलं. मला मात्र काहीतरी खटकलं. त्याला नाव द्यायचं मी आठवडाभर टाळलं.

त्या रविवारी मी अमरावतीला गेलो नाही. बायकोला फोनवर सांगितलं, काम आहे. दुपारी गोठ्यावर कुणी नव्हतं. मी म्हशीला अंगणात आणलं. दोन्ही घमेली रिकामी ठेवली. बोट दाखवायला कुणी नाही. मी डोळे मिटले आणि मनात म्हटलं, डावीकडे. दोर सैल सोडला. खुरांचा आवाज आला. डोळे उघडले तर ती डाव्या घमेल्यातलं गोणपाट नाकाने ढकलत होती. मनात म्हटलं, उजवीकडे. ती उजवीकडे गेली. मी शपथेवर सांगतो, मी हाताने काही केल्याचं मला जाणवलं नव्हतं. चौथ्या वेळी मी डोळे उघडे ठेवले आणि तिच्याकडे न बघता माझ्या हाताकडे बघितलं. दोर सैल सोडतानाच अंगठा त्याच्यावर टेकला होता, मुंगी चालावी इतका हलका. डावीकडे मनात असताना एका बाजूने, उजवीकडे असताना दुसऱ्या. चाळीस वर्षांपूर्वी बैलांसाठी शिकलेलं माझ्या अंगठ्यात तसंच होतं, आणि हिने ते सहा वर्षांत वाचायला शिकून घेतलं होतं.

मी तिथेच हौदाच्या कठड्यावर बसलो. पहिल्यांदा काय वाटलं तेही प्रामाणिकपणे लिहितो. आनंद वाटला. मॅडमचं बोट तिला कळत नव्हतं, किंवा कळत असलं तरी तिला त्याची गरज नव्हती. तिला मी कळत होतो. माझ्या मनात काय आहे हे मला कळायच्या आधी, दोरातून, दहा पावलांवरून. आयुष्यात कुणी माझ्याकडे इतकं लक्ष दिलं नाही. मग आनंदाच्या मागोमाग भीती आली, आणि ती पुढे कित्येक महिने गेली नाही.

सोमवारी मॅडमना सांगायचं, हे मी कठड्यावरून उठतानाच ठरवलं होतं. सांगितलं नाही.

का नाही सांगितलं, याची कारणं माझ्याकडे आहेत. ती कारणं खरी आहेत, पण पुरेशी नाहीत. ही म्हैस दोन वर्षं गाभण राहिली नव्हती. साहेबांच्या टेबलावर विक्रीच्या जनावरांची यादी होती आणि तिचा बिल्ला त्या यादीत होता. भाकड म्हैस बाजारात गेली की तिला कोण घेतो हे गोठ्यावर काम करणाऱ्याला सांगावं लागत नाही. मॅडमच्या प्रयोगात ती सगळ्यांत हुशार ठरली म्हणून साहेब म्हणाले होते, "ठीक आहे, प्रयोग होईपर्यंत राहू द्या." ती हुशार नाही म्हटलं की यादी. दुसरं असं, की मॅडमनी प्रबंधाच्या सुरुवातीला माझे आभार मानायचे ठरवले होते. मी ते बायकोला सांगितलं, बायकोने शेजारणीला, आणि पुढच्या शनिवारी आमच्या गल्लीतला किराणावाला म्हणाला, "काय साहेब, पुस्तकात नाव येऊन राहिलं म्हणे तुमचं?" मी नाही म्हणालो नाही. खाली बघून हसलो.

मी मध्यम मार्ग काढला असं मला वाटलं. दोर मुका धरायचा. मनगटाला गुंडाळून बघितला, दोन बोटांत लोंबता धरून बघितला. म्हैस चुकायला लागली. मॅडमचा चेहरा उतरायला लागला. तिसऱ्या दिवशी त्या तक्ता मांडीवर ठेवून बसून होत्या आणि साहेब लांबून जाता जाता म्हणाले, "काय मॅडम, म्हैस पुन्हा म्हैस झाली का?" चौथ्या दिवशी मी अंगठा दाबला. या वेळी जाणूनबुजून. ती नीट गेली. पुन्हा दाबला, पुन्हा नीट गेली. मॅडम हसल्या. त्या दिवसापासून जर्मनीच्या त्या मालकात आणि माझ्यात फरक पडला. त्याला ठाऊक नव्हतं, मला होतं.

त्यानंतर मला कशातच चैन पडेना. एसटीत पुढच्या सीटवरच्या माणसाचे हात बघत बसायचो. बायको चहा देताना माझ्याकडे बघायची तेव्हा वाटायचं, हिला माझ्या खांद्यावरून कळलं असेल. आणि खरं म्हणजे कळतच होतं. एकदा ती म्हणालीसुद्धा, "काय लपवून राहिले तुमी? बोलत तं काहीच नाही, पन सारं दिसून राहिलं." मी रागावलो. जेवताना, आंघोळ करताना, मी स्वतःला तपासत राहायचो की आत्ता माझ्या अंगातून काय बाहेर पडतंय. म्हैस जे वाचत होती ते आणखी कोण कोण वाचतंय, हा विचार एकदा शिरला की निघत नाही.

मॅडमच्या मार्गदर्शकांनी पहिले निकाल बघितले आणि म्हणाले, चांगलं आहे, पण दुसऱ्या माणसाच्या हातून एकदा करून घ्या. ते बरोबरच होतं. मला वाटलं, सुटलो. आता आपोआप उघड होईल, मला बोलावं लागणार नाही. दुसरा माणूस म्हणून मॅडमनी मावशींना घेतलं.

मावशी त्या दिवशी धुतलेलं लुगडं नेसून आल्या. टोपी घातली, चष्मा लावला, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता पाहा, तुमची नोकरी जाते." दोर त्यांनी अगदी नीट धरला. म्हैस चुकली. दुसऱ्या दिवशीही चुकली, तिसऱ्या दिवशीही. गोठ्यावरचे दोघेतिघे बघायला जमले होते. एक जण म्हणाला, "मावशी, तुमाले पाहून घाबरली ती." सगळे हसले. मावशी हसल्या नाहीत. मॅडम त्यांना दुखवायचं नाही अशा आवाजात म्हणाल्या, "राहू द्या मावशी. जनावर तुमच्या हाताले सरावलं नाही, एवढंच." वहीत त्यांनी तेच लिहिलं, आणि मावशींचे दिवस बाजूला ठेवले. म्हणजे जे बरोबर होतं ते बाजूला पडलं आणि जे माझ्या अंगठ्याचं होतं ते राहिलं.

संध्याकाळी मी गव्हाणीत कुटार, म्हणजे भुसा, टाकत होतो. मावशी येऊन शेजारी उभ्या राहिल्या.

"भाऊ, खरं सांगा. माह्या हातात काही वंगाळ हाय का?"

"कायचं वंगाळ?"

"एवढे वर्सं झाले. वासरू आडवं आलं तं मले बोलावते. लाथ मारनारी गाय राह्यली तं मले बोलावते. आन् आता हे म्हैस माह्याकडे पाह्यतही नाही. त्या पोरीसमोर मले मेल्यावानी झालं."

तेव्हा सांगता आलं असतं. अंगणात दुसरं कुणी नव्हतं. मी म्हणालो, "जनावराचं काय मनावर घेता मावशी. त्याचं काही सांगता येते का?"

"हो," त्या म्हणाल्या, "तेही खरं हाय." आणि टोपलं उचलून गेल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या एलिचपुरीच्या दावणीकडचं शेण सगळ्यांत शेवटी उचलायला लागल्या, मी तिथून गेल्यावर.

प्रबंध पुरा होत आला. एका सकाळी मॅडम छापून आणलेला एक भाग घेऊन आल्या. इंग्रजीत होता. त्यांनी एक परिच्छेद मला मराठीत करून सांगितला. एका म्हशीला माणसाचा इशारा सातत्याने समजतो असं दिसून आलं, असं त्यात होतं. पुढच्या आठवड्यात अमरावतीला त्यांना हे सगळ्यांसमोर मांडायचं होतं. त्यांच्या आईने पेढ्यांचे पुडे दिले होते. एक साहेबांना, एक मला, एक मावशींना. मावशींनी हात पुढे केला नाही.

"मले कायले? मी तं नापास झाली ना पोरी."

चेष्टेतच म्हणाल्या. मॅडमही हसल्या आणि पुडा त्यांच्या रिकाम्या टोपल्यात ठेवून दिला. माझ्या हातात पेढा होता. तो मला तोंडात घालवेना, खाली ठेववेना.

"मॅडम," मी म्हणालो, "जरा अंगणात चला. मावशी, तुमीही या."

मी म्हैस आणली. दोन्ही घमेली रिकामी ठेवली. मॅडमना म्हणालो, बोट डावीकडे दाखवा. "आता म्हशीकडे नका पाहू. माझ्या अंगठ्याकडे पाहा." त्यांनी बोट डावीकडे दाखवलं. मी अंगठा दुसऱ्या बाजूने टेकवला. म्हैस मॅडमच्या बोटाला ओलांडून सरळ उजवीकडे गेली. त्यांनी पुन्हा बोट दाखवलं, पुन्हा, आणि प्रत्येक वेळी म्हैस माझ्या अंगठ्याने सांगितलं तिकडे गेली. त्यांचा हात हळूहळू खाली आला.

"दोर सोडून द्या," त्या म्हणाल्या. "पूर्ण."

मी दोर जमिनीवर टाकला. त्यांनी बोट दाखवलं. म्हैस दोन पावलं गेली, थांबली. मग तिने ती लांब शिंगं सावकाश वळवली आणि मागे माझ्याकडे बघितलं. तशीच बघत उभी राहिली. बराच वेळ. मला तिची नजर सहन होईना म्हणून मी खाली बघितलं. मॅडमनी खिशातून पेन काढलं, पेढ्याच्या पुड्याच्या कागदावर काहीतरी लिहिलं.

"कधीपासून माहीत हाय तुमाले?"

मी महिने सांगितले.

"चार महिने." त्या शुद्ध भाषा विसरल्या होत्या. "काका, माह्या बाबानं साऱ्या वलगावात सांगून ठेवलं. म्हशीची अक्कल माह्या पोरीनं शोधली म्हने. आन् तुमी इथी उभे राहून माह्याकडे पाहून हासून राहिले होते? मी तुमाले घोड्याची गोष्ट सांगतली होती! तुमालेच!"

मी म्हशीच्या यादीचं सांगायला लागलो. त्यांनी हात वर करून थांबवलं.

"ते मले आधी सांगतलं असतं तं मी काही केलं असतं. मले विचारायचं होतं ना. तुमी तं माह्यावर भरोसाच नाही केला."

मी म्हणालो, चुकलं, माफ करा. त्या म्हणाल्या, "माह्याजवळ मागू नोका आता. मले राग आला हाय, मी काहीही म्हणंन." आणि कागद घडी करून निघून गेल्या. मावशी केव्हा गेल्या ते मला कळलंच नाही. पेढ्यांचा पुडा टोपल्यात नव्हता, कठड्यावर ठेवलेला होता.

दोन दिवस मॅडम आल्या नाहीत. मी साहेबांकडे जाऊन सगळं सांगितलं. ते आधी हसले, मग गंभीर झाले, मग म्हणाले, लेखी द्या. मी लिहून दिलं. म्हशीचा बिल्ला पुन्हा यादीत चढला, माझ्या डोळ्यांसमोर. तिसऱ्या दिवशी मॅडम आल्या. अमरावतीचं सादरीकरण त्यांनी पुढे ढकललं होतं. एक अख्खं प्रकरण फाडून पुन्हा करायचं, दोर न लावता करायचं, आणि अडलं की म्हैस माणसाकडे वळून बघते का हे वेगळं तपासायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यासाठी हीच म्हैस लागेल असा अर्ज त्यांनी साहेबांकडे दिला. त्याला उत्तर अजून आलेलं नाही. मी रोज सकाळी फाटक उघडतो तेव्हा आधी तिची जागा बघतो.

मॅडम माझ्याशी कामापुरतं बोलतात. त्या दिवशी अर्ज देऊन परतताना त्या माझ्यापाशी थांबल्या. "माझी वही मी दुरुस्त करते काका," त्या म्हणाल्या, परत शुद्ध भाषेत. "पण मावशींचं जे झालं ते माझ्या वहीत दुरुस्त होणार नाही."

मी दिवसभर धीर गोळा करत होतो आणि तो गोळा होत नव्हता. मग वाटलं, धीर येईपर्यंत थांबणं म्हणजे पुन्हा तेच, गप्प बसणं. चहाच्या वेळी गोठ्यावरचे सगळे लिंबाखाली बसतात. मावशींना हसलेले दोघेतिघेही होते. मावशी थोड्या अलीकडे गवऱ्या थापत होत्या, त्यांचे हात कोपरापर्यंत शेणाने भरलेले. मी जाऊन समोर उभा राहिलो तशी त्यांनी वर बघितलं.

"काय भाऊ? तोंड कावून असं झालं?"

मी लिंबाखालच्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोललो. एकांतात सांगून चाललं नसतं, कारण मावशी एकांतात नापास झाल्या नव्हत्या.

"मावशी, तुमच्या हातात काही वंगाळ नव्हतं. तुमी दोर धरला तसाच धरायचा असते, आन् त्या तीन दिवसात जे झालं तेच खरं होतं. मी अंगठ्यानं म्हशीले सांगत होतो. मले ते ठाऊक होतं. तुमी गव्हाणीजवळ येऊन मले विचारलं, तवाही ठाऊक होतं, आन् मी तुमच्या तोंडावर खोटं बोललो. सारे तुमाले हासले तवा मी खाली पाहून उभा होतो. चूक माही हाय. मले माफ करा."